प्रिव्हॅरिकेट : चालढकल नव्हे, वाकडं तास

लातूरच्या एका शिक्षकांनी विचारलंय : इंग्रजी 'प्रिव्हॅरिकेट' म्हणजे चालढकल करणं, असं मुलांच्या मार्गदर्शिकेत छापलंय, ते बरोबर आहे का, आणि हा शब्द आला कुठून?

साफ चूक. चालढकल म्हणजे 'प्रोक्रॅस्टिनेट'. दोन्ही शब्द लांबलचक, दोन्ही 'प्र'चे, म्हणून एकाच दावणीला बांधायचे? स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत हे सर्रास चालतं आणि ऐकवत नाही. प्रिव्हॅरिकेट करणारा उत्तर लांबवत नाही. खरं लपवायला आडवळणानं बोलतो. अर्थाचं एवढं पुरे.

गंमत मुळात आहे. लॅटिन क्रियापद 'प्रेव्हारिकारी'. रोमन लेखक प्लिनी (मृत्यू इ.स. 79, व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात) आपल्या विश्वकोशाच्या शेतीवरच्या 18व्या खंडात सांगतो, की नांगऱ्या वाकून नांगरत नसेल तर तो 'प्रेव्हारिकातुर', म्हणजे तास (नांगरानं पडणारी चरीची ओळ) वाकडं पाडतो, आणि तिथूनच हा आरोप न्यायालयात गेला. ज्यानं काळ्या रानात लाकडी नांगर धरलाय त्याला हे फोडून सांगावं लागणार नाही. रुमण्यावरचा, म्हणजे नांगराच्या मुठीवरचा, भार सुटला की फाळ वर येतो, बैल एका अंगाला ओढतात, तास सरकतं. आणि पहिलं तास सरकलं की पुढची सगळी त्याच्याच मागं! रोमच्या कोर्टात फिर्यादी आतून आरोपीला सामील व्हायचा आणि खटला मुद्दाम भलतीकडं न्यायचा, त्या गुन्ह्याला हेच नाव होतं.

काही कोशकार मात्र 'प्रेव्हारिकारी'तला 'वारुस' म्हणजे फेंगडा, त्यावरून 'पाय फाकून चालणं', एवढं देऊन थांबतात आणि नांगर गाळतात. वारुस मला मान्य आहे. पण फेंगडं चालणं हा काही गुन्हा नव्हे! फेंगड्या चालीपासून खोट्या खटल्यापर्यंत शब्द एका उडीत पोचला, हे पटायचं कसं? मधला दुवा शेतातच आहे, आणि तो प्लिनीनं लिहून ठेवलाय. कोशकारांनी एकदा औताच्या मागं चालून बघावं.

शिवाय लॅटिनमध्ये हा एकटा नाही. तापात माणूस बरळायला लागला की डॉक्टर 'डिलिरिअम' म्हणतात. त्यातला 'लिरा' म्हणजे दोन तासांमधला वरंबा. 'डेलिरारे' म्हणजे नांगरताना ओळ सोडणं, त्यावरून भ्रमिष्ट होणं. आणि कवितेच्या ओळीला इंग्रजीत 'व्हर्स' म्हणतात, तो लॅटिन 'व्हर्सुस'. बांधाशी नांगर वळवून पाडलेलं तास.