क्लब हरतो तिकडे, ताट झाकलं जातं इकडे

"मॅडम, इंग्लंडातला कुठला तरी फुटबॉल क्लब हरला की आमचं पोरगं दोन-दोन दिवस बोलत नाही. हे वेड म्हणायचं की आजार?"

हा प्रश्न लातुरात समुपदेशक म्हणून काम करताना मला आता इतक्यांदा विचारला गेलाय की फक्त क्लबचं नाव बदलतं. कधी मँचेस्टर युनायटेड, कधी चेल्सी, मधूनच स्पेनमधला बार्सिलोना. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर बायको. ज्याच्याबद्दल विचारायचं तो बाहेर बाकावर मोबाइल चाळत बसलेला असतो, आणि मी त्याचं हे खूळ एका बैठकीत काढून टाकावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. असलं काही मी काढत नाही. का काढत नाही, ते एका घराच्या गोष्टीतून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव बदललंय, गावाचं नाव गाळलंय.

प्रसाद म्हणू त्याला. वय 31. घर औसा तालुक्यातलं, रोज मोटारसायकलवर लातूरला येऊन एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस बायको त्याला घेऊन आली. आधी तीच बोलली.

"हे मारत नाहीत, शिव्या नाहीत, दारू नाही. नुसतं गप्प. घरात कोण गेलंय की काय असं वाटतंय. जयंतीच्या रात्री सगळं गाव मिरवणुकीत, आन् हे आतल्या खोलीत मोबाइल धरून. मग हरले. दोन दिवस जेवले नाहीत नीट. आन् परवा तर जिंकले, तरी रात्रभर ओट्यावर बसून होते!"

जिंकूनही शोक, हे मला नवीन होतं. प्रसादनं खुलासा केला. त्याचा क्लब आर्सेनल. 14 एप्रिलला घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाकडून 0-2 असा हरला, दोन्ही गोल शेवटच्या काही मिनिटांत. 19 मे, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस. आर्सेनलनं एव्हर्टनला 2-1 हरवलं, पण त्याच वेळी मँचेस्टर सिटीनं वेस्ट हॅमला 3-1 हरवलं. सिटी 91 गुण, आर्सेनल 89. म्हणजे सामना जिंकूनही विजेतेपद गेलं.

"सिटीनं दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, मॅडम. म्हणजे आमचा सामना सुरू होऊन दोन मिनिटं नाही झाली, आन् संपलं. तरी मी 90 मिनिटं बघितलं."

अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे लावता का? फँटसी ॲप, सट्टा, मित्रांत पैज, काहीही. तो दुखावला. "आपल्या क्लबवर कुणी पैसे लावतं का, मॅडम?" बायकोनंही सांगितलं, पासबुक तिच्याकडेच असतं. हा प्रश्न घरच्यांनीही न लाजता विचारावा असं मी मुद्दाम सांगते. पैसा गुंतला की गोष्टच वेगळी होते. मग उदास चेहरा हरल्याचा नसतो, उधारीचा असतो.

पुढच्या काही भेटींत त्यानं मला आर्सेनलचा इतिहास शिकवला म्हटलं तरी चालेल. 1886 मध्ये लंडनच्या वुलविच इथल्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला क्लब. 2003-04 मध्ये लीगच्या 38 पैकी एकही सामना न हरता विजेते. आणि गंमत अशी, की ते प्रसादनं पाहिलेलंच नाही. त्यानं पूर्ण पाहिलेला पहिला सामना म्हणजे 2006 च्या मे महिन्यातली चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम लढत, बार्सिलोनाविरुद्ध, पॅरिसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला मामाकडे होता, केबल होती, मामा झोपला होता. गोलकीपरला सुरुवातीलाच बाहेर काढलं, दहा जण उरले, तरी 76 व्या मिनिटापर्यंत आर्सेनल पुढे. मग दोन गोल खाऊन हरले. तेरा वर्षांचा पोरगा त्या रात्री त्या दहा जणांचा झाला तो झालाच. 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून 8-2 असा मार खाल्ला तेव्हा हॉस्टेलवर पोरांनी दारावर आठ रेघा ओढून ठेवल्या. 2022-23 मध्ये तर 248 दिवस गुणतक्त्यात पहिले राहून शेवटी दुसरे आले. लिव्हरपूलशी 2-0 पुढे असताना बरोबरी, पुढच्याच सामन्यात वेस्ट हॅमशी पुन्हा 2-0 वरून बरोबरी, मग तळाला असलेल्या साउथॅम्प्टनशी 3-3.

ऐकताना मला कुणीही सांगेल असा अर्थ समोर दिसत होता. मुलगा एमपीएससीचे दोन प्रयत्न देऊन बसलेला, थोडक्यात राहिलेला. म्हणजे हे दुसरं येणं खरं तर त्याचं स्वतःचं, वगैरे. प्रत्येक दुःखाखाली दुसरं दुःख उकरायचा आमच्या क्षेत्रात एक छंदच आहे. मी विचारलंही. तो शांतपणे म्हणाला, "नाही मॅडम. एमपीएससीचं वाईट वाटलं, ते रडून झालं. क्लासात मजा येते मला." मला ते पटलं. सोमवारी वर्गात शिरताच पोरं विचारतात, "सर, काल काय झालं?" आणि हा फळ्यावर चेंडूची वळणारी वाट काढून मॅग्नस परिणाम शिकवतो. असा माणूस आयुष्यात हरलेला नसतो.

मग घरात दोन दिवस तो गप्प का? बायको म्हणाली होती ते माझ्या डोक्यात राहिलं होतं: क्लासात हे बोलतात, घरात आले की गप्प. दुःख सगळीकडे सारखं असेल तर मौन फक्त घरातच का? माझी कामाची पद्धत अशीच आहे. मी माणसाला घरापासून सुटा करून तपासत नाही. एकाचं लक्षण पुष्कळदा चौघांनी मिळून सांभाळलेलं असतं.

"हरल्यावर घरात पहिलं वाक्य कोण बोलतं?" मी विचारलं.

"अण्णा. माझे वडील." तो लगेच म्हणाला. "'काय, आपटले का तुझे इंग्रज?' मैदानावरच्या अकरांत इंग्रज तीन-चारच असतात, पण अण्णांना कोण सांगणार. मग सगळे हसतात. मग मी बोलतच नाही."

अण्णांना बोलावलं. पेरणीची गडबड होती, तरी एका बाजारच्या दिवशी आले. आडतीवर भाव बघून सरळ माझ्याकडे. सोबत प्रसादची आई आणि सूनबाई. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, ह्याचं डोकं तपासा. तिकडं विलायतेत कोण तरी चेंडू लाथाडायलंय, आन् ह्यो हितं उपाशी. जे आपल्या हातात न्हाई त्याचा एवढा घोर कशाला?"

मी म्हणाले, "अण्णा, आज सोयाबीनचा भाव काय निघाला?"

"काय निघतोय. साडेचार हजाराच्या आसपासच घुटमळायलंय."

"विकलं?"

"न्हाई. ठिवलंय. वाढंल की."

मराठवाड्यात राहून हे कळायला वेगळं शिकावं लागत नाही. 2021 मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. तेव्हापासून कितीतरी घरांत पुढच्या खोलीत कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी लागलेली आहे. भाव पुन्हा तिथं जाईल म्हणून माल राखून ठेवलाय. मी विचारलं, तेव्हा तुम्हाला मिळाले होते का दहा हजार?

अण्णा जरा थांबले. "कुठलं. दिवाळीलाच विकून बसलो होतो. दहा हजार झाले तवा घरात कट्टा नव्हता."

"आणि भाव पडला त्या दिवशी जेवता?"

यावर अण्णा चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "मॅडम, त्याच्यावर आमचं पोट हाय! ह्याचं काय हाय त्याच्यात?" मी लगेच कबूल केलं की दोन्ही गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. एकात वर्षाची कमाई आहे, दुसऱ्यात नाही. मला पोट आणि चेंडूची बरोबरी करायचीच नव्हती. मला घरातल्या ताटांबद्दल विचारायचं होतं. तेवढ्यात आजवर एक शब्द न बोललेल्या प्रसादच्या आई बोलल्या.

"दोघांचंबी ताट मीच झाकून ठिवते. ह्यांचं भाव पडला की. त्याचं ते हरले की. एक कुणी पुसत न्हाई, माय कवा जेवली."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही; अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं ही मी कष्टानं कमावलेली गोष्ट आहे. मग सूनबाई हळूच म्हणाली, "आत्याबाई थांबतात म्हणून मीबी थांबते."

आणि प्रसाद. तो वडिलांकडे न बघता म्हणाला, "अण्णा, तुम्ही भाव पडल्यावर बसता तेव्हा तुम्हाला कुणी हसत नाही."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मग तू काय म्हणतोस, मी बी हसू नको?"

"हसा. पण लगेच नको. अर्धा तास थांबा."

मला या कामात जे थोडंफार उमगलंय त्यातलं बरंचसं त्या "अर्धा तास थांबा"मध्ये आहे. त्या घरात आशा दोघंही करत होते, दोघांचीही दुसऱ्याच्या हातात होती. पण एकाची आशा मानाची आणि दुसऱ्याची चेष्टेची ठरली होती. ज्या आशेची घरात टिंगल होते, ती माणूस सोडत नाही. उलट दोन्ही हातांनी धरून बसतो. प्रसादचं मौन आर्सेनलसाठी कमी आणि त्या पहिल्या वाक्यासाठी जास्त होतं. त्याची आशा कमी करायला मी गेले असते तर मीही घरातली हसणारी पाचवी झाले असते.

आता ज्यांच्या घरात असा कुणी आहे त्यांच्यासाठी, त्या घरात आम्ही काय ठरवलं ते सांगते.

"त्यात काय एवढं" हे वाक्य बंद. वाईट वाटतं ते खरंच वाटतं. वीस वर्षं ज्याच्यामागे जीव लावला तो हरल्यावर कसं वाटावं हे शेजारच्यानं ठरवायचं नसतं. मात्र वाईट वाटण्याला मोकळीक दिली म्हणजे वागण्यालाही दिली असं होत नाही. प्रसादनं स्वतःच अर्धा तास मागितला. तो त्याचा. त्यानंतर पानावर यायचं, एक घास खाल्ला तरी चालेल. बोलायचं नसेल तर बोलू नये, पण मुलीनं विचारलं तर उत्तर द्यायचं. आणि ताट झाकणं बंद. आईनं ठरल्या वेळी जेवायचं, कुणी येवो न येवो. हे सगळ्यात अवघड गेलं, आणि ते प्रसादला नव्हे, आईला. झाकलेलं ताट माया दाखवतं, पण त्याच ताटामुळे रुसवा लांबतो, हे तिला पटायला वेळ लागला.

दुसरी गोष्ट मोबाइलची. सामना दोन तासांचा असतो. मी प्रसादला विचारलं, हरल्यावर झोपेपर्यंत काय करता? पहाटे तीनपर्यंत ग्रुपवर आणि इन्स्टावर चिडवणाऱ्यांना उत्तरं देत बसायचा. म्हणजे जखम मैदानावर व्हायची आणि तिखट मोबाइलवर चोळलं जायचं. शेवटची शिट्टी झाली की फोन चार्जिंगला, दुसऱ्या खोलीत. एवढ्या एका नियमानं त्याची निम्मी तक्रार गेली असं त्याचं म्हणणं. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला, हिवाळ्यात दीडला सुरू होतात. त्यातले कोणते बघायचे ते महिन्याच्या सुरुवातीलाच निवडून ठेवायचे. सकाळी वीस किलोमीटर मोटारसायकल चालवायची असते, हे विसरून चालत नाही.

एक सावधगिरी. प्रसादसारखं सगळ्यांचं नसतं. पैसे लावणं, कर्ज लपवणं, हरल्यावर घरात हात उगारणं किंवा वस्तू फोडणं, आठवडा उलटला तरी झोप आणि जेवण न परतणं, कामावर जाणं सुटणं, "आता कशातच अर्थ नाही" असं बोलणं: यातलं काही असेल तर तो चाहता आहे की नाही हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि मदत घ्या. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416 वर, मोफत, मराठीतही बोलता येतं.

2024-25 मध्ये आर्सेनल पुन्हा दुसरे आले. लिव्हरपूल 84, हे 74. पण एप्रिलच्या एका रात्री चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी रेयाल माद्रिदला 3-0 हरवलं, त्यातले दोन गोल डेक्लन राइसनं फ्री किकवर केले. सूनबाई सांगत होती, त्या रात्री पाणी प्यायला उठलेले अण्णा दुसऱ्या फ्री किकला पडद्यासमोर उभे होते, आणि "ह्यो कुठला रं?" असं विचारून झोपायला गेले. मेमध्ये पॅरिसच्या क्लबनं त्यांना उपांत्य फेरीतून बाहेर काढलं. अण्णांनी अर्धा तास धीर धरला. मग विचारलं, "आपटले का?" प्रसाद म्हणाला, "आपटले." कट्टे मात्र अजून पुढच्या खोलीत आहेत, त्याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही.

परवा सूनबाईचा मेसेज आला: ह्यांनी मुलीसाठी लाल जर्सी आणलीय, तीन वर्षांची आहे, घालू देऊ का, तिलाही हे लागेल म्हणून भीती वाटते. मी कळवलं, घालू द्या. फक्त साडेबाराच्या सामन्याला तिला उठवायचं नाही, हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.