लाइन कुठे संपते, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार?

प्रश्न: सर, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते आहे. दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक नोकरी साइटवरची, पाइपिंगच्या उभारणीवर देखरेख करण्याची. दुसरी डिझाइन ऑफिसातली. तिथे पी अँड आयडी ड्रॉइंगमधून पाइपलाइनची माहिती आपोआप काढणारं सॉफ्टवेअर 'कॉन्फिगर' करायचं आहे. घरचे म्हणतात, पहिलीच खरी इंजिनिअरची नोकरी. मित्र म्हणतो, दुसरी म्हणजे नावाला इंजिनिअर आणि कामाला डेटा एंट्री. शिवाय काही वर्षांत हे काम एआयच करील अशी धास्ती वाटते. थोडंफार पायथन येतं. ड्रॉइंग वाचायला आवडतं. काय करू?

उत्तर: पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण माझं उत्तर त्याच्यावरच उभं आहे. ड्रॉइंग वाचायला आवडणारी मुलं मला फार भेटत नाहीत. सॉफ्टवेअर आवडणारी पुष्कळ भेटतात. म्हणून आधीच सांगतो: दुसरी नोकरी घे, पण एका अटीवर. अट कळायला ते काम नेमकं काय आहे हे कळायला हवं, आणि ते ना तुझ्या मित्राला ठाऊक आहे ना बहुधा तुला नोकरी देणाऱ्या एचआरच्या माणसाला.

पी अँड आयडी म्हणजे कारखान्यातली भांडी, पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि मोजमापाची उपकरणं एकमेकांना कशी जोडली आहेत याचा खुणांनी काढलेला नकाशा. तो मापात नसतो. कागदावर दोन बोटं दिसणारी रेघ प्रत्यक्षात दोनशे मीटर असू शकते. त्यामुळे पाइपची लांबी या ड्रॉइंगमधून निघत नाही. ती आयसोमेट्रिकमधून (एकेका लाइनचं मापांसकट तिरक्या कोनातून काढलेलं ड्रॉइंग) किंवा थ्रीडी मॉडेलमधून येते. हे आत्ताच सांगतो, कारण पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी तुला 'लांबीपण काढून देशील ना?' असं विचारणार आहे.

निघतं ते असं. ड्रॉइंगवर रेघेच्या कडेला ६"-पी-१२०४-ए१ए-एच यासारखा मजकूर असतो. सहा इंची पाइप, आत प्रोसेसचा द्रव, लाइनचा क्रमांक १२०४, मटेरियलचा स्पेक (पाइप आणि व्हॉल्व्ह कशाचे, किती दाबाचे हे ठरवणारा संकेत) ए१ए, वर उष्णता धरून ठेवणारं इन्सुलेशन. ही रेघ कुठून निघते, कुठे पोचते, वाटेत कोणते व्हॉल्व्ह आणि कोणती उपकरणं लागतात, हे सगळं जोडलं की लाइन लिस्टची एक ओळ तयार होते. मोठ्या प्रकल्पात अशा हजारो ओळी असतात. पाइपवरचा ताण (स्ट्रेस) तपासणारे, खरेदीवाले, साइटवर प्रेशर टेस्ट घेणारे, सगळे त्याच यादीवरून चालतात. पूर्वी एक माणूस पिवळा मार्कर घेऊन प्रत्येक रेघेवरून हात फिरवायचा आणि वाचलेलं तक्त्यात भरायचा. मीही ते केलं आहे. संध्याकाळी बोटं पिवळी व्हायची आणि डोळ्यांपुढे टी-जोड, म्हणजे पाइपला फांदी फुटते त्या जागा, नाचायचे.

आता हे सॉफ्टवेअरने करायचं. स्मार्ट पी अँड आयडी, अवेव्हा किंवा ऑटोकॅड प्लांट थ्रीडीसारख्या प्रणालीत मुळातच काढलेलं ड्रॉइंग असेल तर रेघेच्या पाठीमागे डेटाबेस असतो. तिथे टॅगचा (ओळखक्रमांकाचा) साचा कसा, कोणते रकाने सक्तीचे, कोणत्या रकान्यात कोणती मूल्यं चालतील, रिपोर्टमध्ये काय दिसावं, एवढं ठरवायचं. हे सोपं काम, आणि जाहिरातीत नेमकं हेच दाखवतात.

खरी गंमत साध्या ड्रॉइंगमध्ये आहे. साध्या ऑटोकॅडच्या फाइलमध्ये रेघ ही नुसती रेघ आणि मजकूर हा नुसता मजकूर. व्हॉल्व्ह ब्लॉक (एकसंध खूण) म्हणून ठेवले असतील, त्यांना अ‍ॅट्रिब्यूट (खुणेला चिकटवलेली माहिती) दिले असतील, तर ते उचलता येतात. पण लाइन नंबर त्या रेघेच्या शेजारी तरंगत असतो, दोघांना बांधणारा धागा फाइलमध्ये कुठेही नसतो. तो तू घालायचास: एवढ्या अंतरातली, मजकुराला समांतर असलेली, अमुक लेयरवरची (ड्रॉइंगच्या थरावरची) सगळ्यात जवळची रेघ ती त्याची. जिथे चार रेघा दाटीवाटीने शेजारी आहेत तिथे हा नियम कोसळतो, मग दुसरा नियम.

पीडीएफ आली तर आणखी मजा. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फाँटमधला मजकूर पीडीएफमध्ये बहुधा अक्षरं म्हणून उतरत नाही, बारीक रेघांचा पुंजका म्हणून उतरतो. डोळ्यांना '१२०४' स्पष्ट दिसतं आणि सॉफ्टवेअरला तिथे काहीच सापडत नाही. स्कॅन केलेला कागद असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागतं, आणि मग शून्य की 'ओ', आठ की 'बी', एक की 'आय' हा झगडा. इंचाची खूण तर धुळीसारखी उडून जाते. उभ्या रेघांवरचा मजकूर नव्वद अंशांत वळलेला असतो, तो वेगळा वाचायला शिकवावा लागतो.

पण हेही सगळं हातोटीचं काम. सवयीने येतं. ज्याच्यासाठी इंजिनिअर लागतो तो प्रश्न दिसायला अगदी बाळबोध आहे: लाइन कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

सहा इंची पाइपला रिड्युसर लावून पुढे चार इंची केला. लाइन एक की दोन? काही प्रकल्पांत नंबर तोच राहतो, काहींत साइझ बदलला की नवा नंबर. हा घोळ इतका मुरलेला आहे की प्लांट थ्रीडीत रेघेचा तुकडा वेगळा आणि त्या तुकड्यांचा गट वेगळा, अशी दोन पातळ्यांची सोयच करून ठेवली आहे. साइझ तुकड्याला चिकटतो, नंबर गटाला. मग टी-जोड: फांदी मुख्य लाइनचाच भाग की स्वतंत्र? एखाद्या व्हॉल्व्हपाशी स्पेक बदलतो, अलीकडे जास्त दाब, पलीकडे कमी. तो व्हॉल्व्ह कोणाचा? साधारण रीत अशी की वरच्या स्पेकचा. हे ठाऊक नसलेल्याने नियम लिहिला तर यादीत कमी दाबाचा व्हॉल्व्ह येईल, आणि सॉफ्टवेअर एक अक्षरही बोलणार नाही. दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे जोड नसतो, पण स्कॅनमध्ये मधली बारीक फट बुजली की सॉफ्टवेअर तिथे जोड धरतं आणि वाफ थंड पाण्याच्या लाइनीत शिरते, कागदावर का होईना. शीटच्या कडेला बाण काढून 'पुढे शीट १७ वर' असं लिहिलेलं असतं. ते बाण जुळवले नाहीत तर एका लाइनीच्या तीन लाइनी होतात. पंप 'ए' काढून खाली 'पंप बी तसाच' अशी टीप टाकलेली असते. रेघा एकाच्या, पाइप दोघांचे. हे कोणत्याही खुणेत नाही, वाक्यात आहे.

एक फजिती सांगतो, माझीच. लाइन नंबरातून साइझ काढायचा नियम मी लिहिला होता: इंचाच्या खुणेआधीचा आकडा घ्यायचा. यादी झकास आली. ओळींची संख्या हाताने मोजलेल्या संख्येशी तंतोतंत जुळली. मी खूश. आमच्या ऑफिसातल्या वयस्कर ड्राफ्ट्समननी यादी दोन मिनिटं चाळली आणि विचारलं, "या प्लांटला दीड इंची पाइपच नाही का रे?" ड्रॉइंगवर दीड इंच '१ १/२"' असा लिहिला होता. माझ्या नियमाने खुणेआधीचा आकडा इमानदारीत उचलला, दोन. प्लांटमधला प्रत्येक दीड इंची पाइप दोन इंची झाला होता. एकही ओळ गाळली गेली नव्हती, एकही आकडा विचित्र नव्हता. त्या माणसाला संगणक धड चालू करता यायचा नाही, पण दीड इंची पाइप नसलेला प्लांट कसा दिसेल हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक होतं.

आता एआय. खुणा ओळखणं यंत्राला उत्तरोत्तर चांगलं जमतं आहे आणि जमत जाईल, यात वाद नाही. 'हा गेट व्हॉल्व्ह, हा ग्लोब व्हॉल्व्ह' एवढंच ज्याला येतं त्याने धास्ती जरूर घ्यावी. पण प्रत्येक मालक कंपनीचा लेजंड शीट (खुणांचे अर्थ सांगणारा कागद) निराळा, नंबर द्यायची रीत निराळी, आणि कोणती रीत लावायची हे ठरवून त्याखाली सही करणारं कुणीतरी लागतं. त्यातून यंत्राची चूक माझ्या दीड इंचासारखी असते, दिसायला सभ्य. यादी जितकी नीटनेटकी, तितकी ती कुणी तपासत नाही. तुझी नोकरी टिकेल की नाही ते तुला अशा चुका पकडता येतात की नाही यावर ठरेल.

घरच्यांना कागदावरचं काम दुय्यम वाटतं म्हणून एक घटना सांगून ठेव. १९७४ साली इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात एका रिअ‍ॅक्टरला तडा गेला म्हणून तो काढला आणि अलीकडच्या-पलीकडच्या रिअ‍ॅक्टरना जोडणारा तात्पुरता पाइप घातला. तोंडं २८ इंची, पाइप २० इंची. त्याचं ड्रॉइंग काय, तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती. १ जूनला तो निखळला, आतल्या सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही रसायनाचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. तिथे कोणतंही सॉफ्टवेअर कामाला आलं नसतं, हे खरंच. पण रीतसर ड्रॉइंग असतं तर 'हा पाइप कोणी तपासला?' असं विचारायला एक जागा तरी असती. लाइन लिस्ट ही तशीच विचारायची जागा आहे.

साइटच्या नोकरीबद्दल मी वाईट बोलणार नाही. फ्लँजचे (पाइप जोडायच्या कड्यांचे) बोल्ट आवळताना पाहिलेला माणूस ड्रॉइंगमधला फ्लँज वेगळ्या नजरेने वाचतो. माझ्या अटीचा उगम तिथेच आहे. अट अशी: नियम लिहिण्याचं काम तुझ्याकडे यायला हवं आणि त्या नियमांची चूक-बरोबर तुला प्लांटवर किंवा प्रोसेस-पाइपिंगच्या जाणत्या माणसांकडून कळायला हवी. नियम दुसऱ्याने लिहिले आणि तू दिवसभर ओसीआरने वाचलेले 'ओ' शून्यात बदलत बसलीस, तर मात्र तुझा मित्र बरोबर ठरला.

म्हणून होकार देण्याआधी त्या कंपनीला तीन गोष्टी विचार. नियम कोण ठरवतं आणि नव्या माणसाच्या हातात ते किती महिन्यांनी येतात? सॉफ्टवेअरने काढलेली यादी हाताने काढलेल्या एखाद्या शीटशी ताडून बघतात का, आणि सुटलेल्या लाइनी व चुकलेल्या लाइनी वेगवेगळ्या मोजतात का? आणि लाइन लिस्टवर सही कोणाची असते, त्या माणसाच्या शेजारी बसायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर साइटची नोकरी घे आणि दोन-तीन वर्षांनी या कामाकडे ये. तेव्हा जास्त किमतीने येशील.

रुजू होईपर्यंत हाताशी वेळ असेलच. आयएसए ५.१ या मानकातली अक्षरं पाठ कर. पहिलं अक्षर काय मोजतो ते सांगतं, पुढची त्याचं काय करतो ते. 'एफआयसी' म्हणजे प्रवाह मोजणारा, दाखवणारा आणि ताब्यात ठेवणारा. एएसएमई बी३१.३ हा प्रोसेस पाइपिंगचा कोड आता पूर्ण वाचू नकोस, त्यात काय कुठे आहे एवढं बघ. पाइपच्या मापांचा तक्ता मात्र नीट बघ. सहा इंची पाइप कुठूनही मोजला तरी सहा इंच भरत नाही, बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर असतो. १४ इंचांपासून पुढे मात्र नाव आणि बाहेरचा व्यास जुळतात. नवख्या माणसाच्या तपासणीच्या नियमांत हमखास इथेच गोम निघते. पीसीएफ नावाची फाइल मिळाली तर साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघ. आयसोमेट्रिकची सगळी माहिती वाचता येईल अशा मजकुरात असते. आयएसओ १५९२६ आणि डेक्सपी ही नावं कानावर असू देत. एका प्रणालीतली माहिती दुसरीत न सांडता कशी न्यायची, याची ती खटपट आहे.

आणि एक सराव. पंप, टाकी, हीट एक्स्चेंजर, एक रिड्युसर, एक स्पेक ब्रेक (स्पेक बदलतो ती जागा) आणि शीटच्या कडेचे दोन बाण असलेलं छोटं पी अँड आयडी स्वतः काढ. कुणाच्या कंपनीचं ड्रॉइंग वापरू नकोस, ती गोपनीय असतात आणि मुलाखतीत असं ड्रॉइंग बाहेर काढणाऱ्याला शहाणी माणसं घेत नाहीत. मार्करने लाइनी रंगवून हाताने यादी कर. मग फाइल डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीच्या फॉरमॅटमध्ये ठेवून पायथनच्या ईझेडडीएक्सएफ लायब्ररीने तीच यादी काढायचा प्रयत्न कर. दोन्ही याद्या शेजारी ठेव आणि प्रत्येक फरकापुढे कारण लिही. एखादी लाइन दीड इंची ठेवायला विसरू नकोस.