एकवीस म्हणजे उशीर नव्हे

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

‘एकविसापर्यंत खेळू दे, मग पुरे,’ असं घरी ठरलंय म्हणून लिहिलंस. कडोलीत काय नि खानापुरात काय, हिशेब हाच. ज्युदोचा हिशेब वेगळा आहे. ऑलिंपिक पदकाला हात घालणारे बहुतेकजण साधारण 24 ते 28 वर्षांचे असतात. जड वजनगटात वय आणखी पुढे सरकतं. एकविसाखालचा ज्युनियर गट संपला की खरी कसोटी लागते, आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, ट्रंकेत जाते.

जपानची र्योको तानी बघ. 48 किलोत 1992ला सोळाव्या वर्षी रौप्य, 1996ला परत रौप्य. सुवर्ण आलं 2000मध्ये, पंचविशीत, 2004ला दुसरं. युक्रेनची दारिया बिलोदिद 2018ला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली खरी, पण तो अपवाद, आणि पुढे तिनं 48 सोडून 57 किलो धरलं.

उशीर का लागतो? ताकद लवकर येते, पकड येत नाही. समोरची डावी आहे की उजवी, बाही आधी धरायची की कॉलर, हे पहिल्या दोन-तीन सेकंदांत हाताला कळावं लागतं. ते शेकडो वेगवेगळ्या हातांशी रँडोरी, म्हणजे सरावाची मोकळी लढत, केल्यावरच कळतं. बाही धरताना करंगळीकडची तीन बोटं घट्ट, अंगठा सैल. सगळी मूठ आवळलीस तर दुसऱ्या मिनिटाला कोपरापर्यंत हात भरून येतो. लढत चार मिनिटांची, आणि बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेला, गोल्डन स्कोअरला, तर वेळेची मर्यादाच नाही.

तू तालमीतून आलीस, म्हणून दोन खोडी आधी मोड. पायाला हात घालायची सवय: इथे शिदो, म्हणजे दंडाची ताकीद, बसतो. दुसरी जास्त महागात पडते. पडताना तू पूल करतेस, डोकं नि पाय टेकून अंगाची कमान. कुस्तीत त्यानं पाठ वाचते, ज्युदोत पुलावर पडलं तरी इप्पोनच, म्हणजे लढत संपवणारा पूर्ण गुण, धरतात, आणि मान मोडायची भीती वेगळी. हवेत असतानाच पोटावर वळायला शीक. रोज सरावाआधी दहा मिनिटं उकेमी (इजा न होता पडायचा सराव) आणि वळणं, मग उचिकोमी (न फेकता डावात शिरायची आवर्तनं) दहा-दहाचे दहा सेट, त्यातला शेवटचा पूर्ण वेगात. रँडोरी आठवड्यात तीनच दिवस, चार मिनिटांचे पाच राउंड. रोज केलीस तर गुडघा आधी बोलेल.

वजनाचं नीट ऐक. रेनकोट घालून पळणं बंद. तू 52 किलोत खेळतेस आणि एरवी 56 भरतेस. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वजन आदल्या दिवशी होतं, पण लढतीच्या सकाळी अचानक तपासणी होऊ शकते. तेव्हा पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे 54.6 किलो. वाढत्या वयात 57 खेळ, हरलीस तरी चालेल. भाकरी-दूध तोडून पाळी तीन महिने आली नाही, तर तो ‘फिटनेस’ नव्हे, डॉक्टरीणबाईंकडे जा. हाडं त्याच वयात भरतात.

बाबांना हे पत्र दाखव. बोलणी 21ची नको, 25पर्यंतची कर; कॉलेज चालू ठेवते म्हणून सांग. पुढच्या पत्रात सकाळचं वजन आणि आठवड्याचे राउंड लिहून धाड.

तुझा शुभचिंतक