पाना-पक्कड : दहा बाय अठरात फियाट आणि लँब्रेटा

प्रश्न : ताई, नेरूळला आमचं सिडकोच्या काळातलं रो हाऊस आहे. खाली १० बाय १८ फुटांचं गॅरेज. त्यात वडिलांची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाट, आणि काकांकडून आलेली १९७१ सालची लँब्रेटा स्कूटर. दोन्ही आठ वर्षं बंद. मी यंदा निवृत्त झालो. या गॅरेजचंच छोटं वर्कशॉप करून दोन्ही गाड्या स्वतःच्या हातांनी सुरू करायच्या आहेत. गाडीखाली काम करायला खड्डा खणू का? कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन कोणतं घेऊ? व्हिंटेज नंबर घ्यावा का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : दादा, खड्डा खणू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी.

कोपरीला बाबांच्या गॅरेजमध्ये खड्डा होता. खाडी जवळ, त्यामुळे जुलै लागला की त्याच्या तळातून पाणी वर यायचं. पावसाचं नव्हे, जमिनीतलं. रोज सकाळी आधी बादलीने उपसायचं आणि मग हातात पाना घ्यायचा. तेही चाललं असतं. पण एकदा खड्ड्यावर उभ्या असलेल्या फियाटचा पेट्रोल पंप खोलला होता. खाली पोरगा हातबत्ती घेऊन बसलेला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात उतरून साचते, वास येईपर्यंत कळत नाही. बत्ती हातातून निसटली, बल्ब फुटला आणि भप्पकन जाळ आला. पोरगा वाचला, भुवया आणि पुढचे केस गेले. बाबांनी त्याच आठवड्यात खड्डा राडारोडा टाकून बुजवला. तुमच्याकडे तर भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे त्यांच्या पायाला लागून खणावं लागणार. नको.

त्याऐवजी दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि चार घोड्या, म्हणजे उचललेली गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, घ्या. पद्मिनीचं वजन साधारण ९०० किलो, तेवढं पुरतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक टेकू म्हणून लावू नका, ते आधी तडकत नाहीत, एकदम बसतात.

आता जागेचा हिशेब. पद्मिनी लांबीला १३ फुटांच्या आसपास, रुंदीला ५ फुटांना जरा कमी. एका भिंतीपासून दीड फूट सोडून उभी केलीत तर दुसऱ्या बाजूला साडेतीन फूट उरतात. दीड फुटाचं टेबल ठोकलंत की माणूस वळायला दोन फूट. पाठीमागे किंवा पुढे जे पाच फूट राहतात तिथे लँब्रेटा आडवी. म्हणजे गॅरेज भरलं. यात सुटे केलेले दरवाजे, सीट, बोनेट कुठे ठेवणार? म्हणून माझं पहिलं सांगणं हे की इथे काय करायचं नाही ते आधी ठरवा. तुमचं गॅरेज नट-बोल्टच्या कामाचं आहे. इंजिन, कार्ब्युरेटर, ब्रेक, वायरिंग, साफसफाई हे सगळं इथे. पत्र्याचं काम, रंग, सिलिंडरचं बोअरिंग, क्रँकचं काम हे बाहेर. वेल्डिंग मशीन घेऊच नका. ज्या घरात वरच्या मजल्यावर माणसं झोपतात आणि खाली टाकीत पेट्रोल असतं तिथे ठिणगी उडवायची नसते. हल्लीचे पीयू (पॉलियुरेथेन) रंगही तसेच, त्यांचा फवारा घरातल्या फुप्फुसांसाठी नाही.

कॉम्प्रेसर १ एचपीचा, ५० लिटर टाकीचा बस झाला. धूळ उडवायला, नळ्या मोकळ्या करायला, टायर भरायला. रंगाचा फवारा मारायचा नाही म्हटल्यावर मोठा कशाला? २ एचपीची मोटर चालू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट खेचते. वर एसी चालू असेल तर घरातले दिवे डोळा मारतात. मीटरपासून गॅरेजसाठी वेगळी लाइन ओढून घ्या, तिला स्वतंत्र एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा). अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. त्याने नुसतं 'आहे' म्हटलं तर पुरत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ग्राइंडर धरण्याची सवय आपल्याकडे भलती आहे.

ओल हाच तुमचा खरा वैरी. नव्या मुंबईच्या हवेत पावसाळाभर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि ६० च्या पुढे उघडं पोलाद गंजायला लागतं. घासूनपुसून चकचकीत केलेला भाग जूनमध्ये टेबलावर ठेवलात तर रविवारपर्यंत तो तांबूस झालेला असतो. मोकळ्या पत्र्याला तेलाचा हात मारून, तेलकट कागदात गुंडाळून, डब्यात. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री बिलकूल नको. खाली घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. नट-बोल्टसाठी लोणच्याच्या बरण्या सर्वात चांगल्या, बाहेरून दिसतात आणि झाकण घट्ट बसतं. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावा. 'लक्षात राहील' म्हणून मी एका लँब्रेटाचं मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग, खोलून ठेवलं होतं. गणपतीनंतर बसवायला घेतलं तेव्हा तीन वॉशर जास्त उरले. ते कुठले, अजून माहीत नाही. गाडी चालते मात्र.

आठ वर्षं बंद गाडी एकदम स्टार्टर मारून फिरवू नका. पद्मिनीचे चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढेमागे ढकला. इंजिन फिरतंय असं कळलं की अर्धं काम झालं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढाल तेव्हा वॉर्निशसारखा वास येईल. कार्ब्युरेटरच्या तळाशी, फ्लोट बसतो त्या वाटीत, मधासारखा पिवळा चिकट थर दिसेल. तो तारेने खरवडायचा नाही. जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळीचं, भोक तारेने इतकुसं जरी मोठं झालं तरी गाडी काळा धूर ओकते आणि मग दोष पिस्टनच्या रिंगांना देत बसतो आपण. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा.

नव्या पेट्रोलचं एक वेगळं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. १९८५ च्या रबराला त्याची सवय नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा), नळ्या, ऑइल सील फुगतात नाहीतर तडकतात. आधीच बदला. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. मी म्हणेन ५ लिटर ठेवा, पुरे. पाण्याच्या बाटलीत कधीच नाही. नातवंडं येतात ना घरी?

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घाला. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे भाग वर्षानुवर्षं गल्लोगल्ली मिळत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. तेव्हापासून माल आटत चाललाय, म्हणून गाडीचे कागद जुळले की जे लागणार ते लगेच घेऊन ठेवा. टॅक्सीवर हात बसलेला एखादा जुना मेस्त्री सापडला तर त्याला दर रविवारी चहा पाजा.

व्हिंटेज नंबराचं सरळ आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज. म्हणजे तुमची लँब्रेटा बसते, पद्मिनी नाही. नवी नोंदणी २० हजार, १० वर्षांची, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र तशी नोंदणी झाली की प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला नेणं एवढंच. रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. तुम्हाला पाम बीच रोडला संध्याकाळी चक्कर मारायची असेल तर जुनं आरसी पुस्तक शोधा आणि नवी मुंबईच्या आरटीओत पाच वर्षांचं नूतनीकरण होतंय का ते आधी बघा. कागद हाती येईपर्यंत एक रुपयाही खर्चू नका. दिल्लीकडच्या जुन्या गाड्यांच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरला असाल तर ती भानगड तिकडची.

शेजाऱ्यांना आधी सांगा. ठोकाठोक सकाळी १० नंतर, रात्रीची नाही. आणि तिसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणेल, 'माझी चेतक पण बघा ना, पैसे देतो.' पैसे घेतलेत की राहत्या प्लॉटवर धंदा झाला, मग परवानगी आणि तक्रारी. बघा, पण पैसे नका घेऊ. नाहीतर बघूच नका. त्या गाडीसाठी तुमच्याकडे जागा कुठाय?

ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

आणि एका वेळी एकच गाडी खोला. आधी लँब्रेटा. एक सिलिंडर, इंजिन टेबलावर मावतं, चुकलं तर परवडतं. पद्मिनीत तेवढं प्लगच्या भोकांतून तेल सोडून इंजिन फिरवून ठेवा आणि बोनेट बंद करा. लँब्रेटाने पहिला फटफटाट केला की मला लिहा, पुढच्या पत्रात पद्मिनीचे ब्रेक घेऊ.