ताठ फ्रेम कशी आखायची? वाचकांचे चार प्रश्न

प्रश्न : वरच्या जबड्यात दोन्हीकडच्या मागच्या दाढा नाहीत, म्हणून यू आकाराची कास्ट पार्शल (ओतीव धातूच्या फ्रेमची, काढता येणारी अर्धी कवळी) दिली. चावताना फ्रेमची मागची टोकं हलतात. लॅबला जाडी वाढवायला सांगू का?

जाडीने ताठपणा वाढतो, आणि भरपूर वाढतो. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, जाडी दुप्पट केली तर आठपट. पण टाळूच्या पुढच्या भागात जाडी वाढली की 'स' नीट निघत नाही आणि पेशंट दुसऱ्याच दिवशी दारात हजर. इथे खोट आकारात आहे. टाळूवरच्या कनेक्टरांमध्ये (फ्रेमच्या दोन बाजू जोडणाऱ्या भागांमध्ये) यू सगळ्यात कमी ताठ, कारण त्याची मागची टोकं मोकळीच राहतात. ती टोकं साधारण ८ मिमी रुंद आडव्या पट्टीने मागून जोडा. पुढची आणि मागची पट्टी वेगवेगळ्या पातळीत बसते, त्यामुळे धातू पातळ असूनही वाकत नाही. पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो, तसंच. टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा असला तरी ही रिंग बहुधा त्याला वळसा घालून बसते. उंचवटा पार मऊ टाळूपर्यंत गेला असेल, तरच मी यू आकाराकडे वळेन. फ्रेमची कड हिरडीच्या कडेपासून ६ मिमी लांब ठेवा.

प्रश्न : मी लॅब टेक्निशियन आहे. मॉडेलवर जागा नसताना डॉक्टर लिंग्वल बार (खालच्या दातांमागे जिभेच्या बाजूने जाणारी फ्रेमची दांडी) आखून पाठवतात. बार बारीक करून बसवू का?

नको, आधी डॉक्टरांना फोन करा. बारची उंची ४ मिमी आणि वर हिरडीच्या कडेपर्यंत ३ ते ४ मिमी मोकळी जागा, एवढं तरी हवंच. ते मिळत नसेल तर लिंग्वल प्लेट (दातांच्या मागच्या बाजूला टेकणारा पत्रा) करा. डॉक्टरांनी पेशंटला जिभेचं टोक वरच्या ओठाला लावायला सांगून प्रोबने (मोजमापाच्या खुणा असलेल्या बारीक सळीने) जागा मोजली, तर हा प्रश्न लॅबपर्यंत येणारच नाही. गुपचूप बारीक केलेला बार पुढे मोडला की बोल 'लॅबच्या मेटल'लाच लागतो.

प्रश्न : एकाच पेशंटचं ऑक्लुझल रेस्ट (दाढेच्या चावण्याच्या बाजूवर टेकणारा फ्रेमचा छोटा भाग) दोनदा तुटलं. मेटल बदलावं का?

कोबाल्ट-क्रोमियमचा लवचिकता गुणांक (धातूच्या ताठपणाचं माप) २०० गिगापास्कलच्या आसपास असतो, टायटॅनियमचा जेमतेम निम्मा. त्यामुळे मेटल बदलून ताठपणा वाढणार नाही. रेस्ट तुटलं कुठे ते बघा. बहुतेक वेळा ते मार्जिनल रिजवर (दाढेच्या चावण्याच्या बाजूच्या कडेवरच्या उंचवट्यावर) तुटतं, कारण तिथे दात पुरेसा घासलेला नसतो. मग समोरचा दात लागतो म्हणून फ्रेम बसवताना आपणच रेस्ट घासून पातळ करतो. इम्प्रेशन (दातांचा साचा) घेण्याआधी पेशंटला मऊ मेण चावायला द्या आणि रिजवर उरलेली मेणाची जाडी मोजा. १ ते १.५ मिमी हवी.

प्रश्न : मेटलची क्लिप हसताना दिसते. फ्लेक्सिबल कवळी घेऊ का?

पुढचे एक-दोन दात असतील आणि तात्पुरती हवी असेल, तर चालेल. मागच्या दाढांसाठी मी देणार नाही. नायलॉन वाकतं, आणि अशा कवळीला दातावर टेकणारं रेस्ट बहुधा नसतंच. चावण्याचा सगळा भार हिरडीवर येतो आणि कवळी हळूहळू रुतत जाते. मेटलच्या फ्रेममध्ये वाकायला हवं ते फक्त क्लिपचं टोक, तेही दाताच्या ०.२५ मिमी खोलगटात. क्लिप आणखी मागच्या दाढेवर घेता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि ती सैल वाटली तर घरी पक्कडीने दाबू नका. हा धातू पुन्हा पुन्हा वाकवला की कडक होतो आणि तुटतो.