दोन्ही हापूस साक्याचेच निघाले, ही शक्यता किती?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मे महिन्यात थोरलीचे सासू-सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आले होते. हापूसचा डझनाचा खोका आणला होता. यांनी त्यातले चांगले मोठे दोन निवडून दिले, मी फोडी करायला घेतले, तर दोन्हीत साका! बाहेरून डागसुद्धा नव्हता. विहीणबाई "असू दे हो" म्हणाल्या, पण म्हणाल्या ते ज्या आवाजात, तो आवाज अजून कानात आहे. उरलेले दहा आम्ही नंतर आठवडाभरात खाल्ले, त्यांत एकच साक्याचा निघाला. म्हणजे बारात तीन. आता घरात वाद आहे. दीर म्हणतात, एक आंबा खराब निघण्याची शक्यता पाव, म्हणून दोन्ही खराब निघण्याची पावाचा पाव, १/१६. धाकटी यंदा दहावीत आहे. ती म्हणते, दोन्ही खराब, एक खराब किंवा एकही नाही, अशा तीनच गोष्टी होऊ शकतात, म्हणून १/३. हे म्हणतात, हजारात एखाद्या वेळी होतं असं, आपलं नशीब. खरं कोणाचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तिघांचंही चुकलं. यजमानांच्या आकड्याला मी हिशेबात धरत नाही. आंबे त्यांनीच निवडले होते, त्यामुळे नशिबाचा आधार त्यांना लागणारच.

दीर उत्तराच्या सर्वांत जवळ आहेत. एका घटनेमागून दुसरी घडायची असेल तर शक्यतांचा गुणाकार करायचा, हे त्यांचं बरोबर. पण पहिला आंबा चिरून ताटलीत गेला, तेव्हा खोक्यात उरले अकरा आणि त्यांत साक्याचे उरले दोन. म्हणून दुसऱ्या वेळचा अपूर्णांक ३/१२ नाही, २/११. गुणाकार ३/१२ × २/११ = ६/१३२, म्हणजे १/२२. शंभरात साडेचारच्या आसपास. दिरांचं १/१६ खरं ठरायला तुम्हाला चिरलेला आंबा पुन्हा खोक्यात ठेवावा लागला असता!

पहिला खराब निघाल्यावर "आता दुसरा तरी चांगला निघेल" असं तुमच्या मनात आलंच असेल. लुडोत तीनदा सहा पडला नाही की "आता पडणारच" म्हणतात, तिथे ही आशा फुकाची, कारण फासा प्रत्येक वेळी तोच आणि तसाच असतो. खोक्यातून मात्र एक खराब आंबा कमी झालेला असतो. दुसराही खराब निघण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांवरून अठरावर आली होती. तुमची आशा थोडीशी का होईना, हिशेबाला धरून होती.

आता धाकटी. तिला रागावू नका. अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ साली फ्रेंच ज्ञानकोशातल्या आपल्या लेखात जवळपास हीच चूक छापली. नाणं दोनदा उडवून निदान एकदा छाप येण्याची शक्यता ३/४. तो म्हणाला २/३, कारण पहिल्यांदाच छाप, दुसऱ्यांदा छाप किंवा छाप नाहीच, असे तीन प्रकार त्याने मोजले आणि तिन्ही सारख्या तोलाचे धरले. धाकटीच्या पुस्तकात 'समसंभाव्य निष्पत्ती' असा शब्द आहे. मुलं तो पाठ करतात आणि गणित सोडवताना विसरतात. मी तेहेतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, सांगते.

तिला म्हणावं, बारा आंब्यांवर १ ते १२ आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटव आणि १, २, ३ हे साक्याचे धर. पहिला आंबा बारांपैकी कुठलाही, दुसरा उरलेल्या अकरांपैकी कुठलाही, म्हणजे १३२ जोड्या. हा झाला नमुना अवकाश. दोन्ही खराब अशा जोड्या ६. पहिला खराब, दुसरा चांगला अशा २७ आणि उलट्या क्रमाने आणखी २७, मिळून ५४. दोन्ही चांगले, ९ गुणिले ८, ७२. तीन ढीग आहेत हे खरं, पण एकात ६ जोड्या, दुसऱ्यात ५४, तिसऱ्यात ७२.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जेवायला माणसं बोलावणाऱ्या बाईची खरी काळजी वेगळी असते : निदान एक तरी खराब निघण्याची शक्यता किती? पाव अधिक पाव अर्धी, असं कोणीतरी म्हणेल. त्यात दोन्ही खराब असलेल्या जोड्या दोनदा मोजल्या जातात. त्यापेक्षा उलट्या बाजूने जावं. दोन्ही चांगले निघण्याची शक्यता ७२/१३२, म्हणजे ६/११. ती एकातून वजा केली की ५/११. जवळजवळ अर्धी!

आणि आता यजमानांनी निवडलेले ते 'चांगले मोठे दोन'. शाळेत असताना मी हाच प्रयोग पिशवीत बारा चिंचोके घालून करायची, तीन एका बाजूने फरशीवर घासून पांढरे केलेले. वर्गात पांढरे चिंचोके हिशेबापेक्षा फारच जास्त निघायला लागले. मला वाटलं, माझंच काही चुकलं. मग कळलं, घासलेली बाजू बोटाला लागते आणि पोरांना पांढराच काढायचा असतो. पुढच्या वर्षापासून मी पत्ते आणले, तीन तांबडे, नऊ काळे. वरचं सगळं गणित, खोक्यात हात घातला की प्रत्येक आंबा हाताला लागण्याची संधी सारखी, एवढ्याच आधारावर उभं आहे. आमच्या घरामागे चार कलमं आहेत. साका वासावरून, रंगावरून कळत नाही हे मी जाणते, पण झाडावर जास्त तयार झालेल्या फळात तो जास्त सापडतो. फळ निवडून उचललं की सारखी संधी राहिली, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुमच्या बाबतीत १/२२ पेक्षा जास्तच असेल, असा माझा संशय आहे. यजमानांना तेवढं कळवा.

पुढच्या खेपेला पाहुणे यायच्या आधीच आंबे चिरा, न निवडता. खोका असाच, बारात तीन खराब, असेल तर दोनच चिरून दोन्ही चांगले मिळण्याची शक्यता ६/११, म्हणजे ३०/५५. तीन चिरलेत तर त्यांत निदान दोन चांगले असण्याची शक्यता ४८/५५ होते आणि चार चिरलेत तर ५४/५५. हे दोन आकडे कसे आले, ते धाकटीने करून दाखवावं. पाच चिरलेत तर गणित मांडायलाच नको.