सुजलेला हात चोळू नये

प्रश्न : दोन दिवसांपूर्वी कापसाचे गाठोडे बंडीत चढवताना उजव्या हाताला हिसका बसला. मनगटापासून कोपरापर्यंत सूज आली असून गरम तेलाने चोळून घेतल्यावर ठणका वाढला. वेचणी थांबवता येत नाही. काय करावे?
– एक शेतकरी भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, सर्वप्रथम त्या हातातील बांगड्या आणि अंगठी काढा; निघत नसतील तर बांगड्या फोडा, कारण सूज वाढली की काच मांसात रुतते आणि बोटांचा रक्तपुरवठा अडतो. चोळणे पूर्णपणे थांबवा. ताणलेल्या स्नायूंचे तंतू आतून तुटलेले असतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक किंवा मालिश केल्यास तेथील रक्तस्राव व सूज वाढते. आपल्याकडे हिसका बसला की तेल गरम करायला ठेवतात, ही सवय मला फार घातक वाटते. बर्फ कापडात गुंडाळून, बर्फ नसल्यास माठातील पाण्यात भिजवलेले फडके, 15 ते 20 मिनिटे, दर दोन-तीन तासांनी ठेवावे. झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच असावा. बोटे मात्र हलवत राहा.

बोटे बधिर, थंड वा निळी पडली, हात वाकडा दिसला, ताप आला किंवा संपूर्ण दंड सुजून शिरा फुगल्या, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. चोळल्यानंतर ठणका वाढलेला असल्यामुळे ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर वेचणी घरातील इतरांवर सोपवावी.